देवासाठी स्लॉट मिळेल का?

मार्च-एप्रिल म्हटलं की कॉलेजात एकच वातावरण. जर्नल सही करून घ्या, प्रोजेक्टचं स्पायरल बाइंडिंग करा, व्हायवा द्या आणि मग परीक्षा. ख्रिस्ती घरातल्या पोरांसाठी मात्र नेमके हेच दिवस उपवासकाळाचे असतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची आणि ईस्टरपर्यंतचे ४० दिवस (मधले रविवार सोडून) प्रार्थना, उपवास आणि दानधर्म करायचा. दर शुक्रवारी क्रुसाची वाट. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे. आणि त्याच आठवड्यात कुणाचा अकाउंट्सचा पेपर, कुणाचं प्रॅक्टिकल.

हा क्लॅश कुणी मुद्दाम घडवून आणत नाही, कॅलेंडरच तसं आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो नेहमी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच पडतो आणि त्याआधीचा उपवासकाळ आपोआप आपल्या सबमिशनच्या मोसमात येतो. ऑक्टोबर हा रोजरीचा महिना, तेव्हा पहिल्या सेमिस्टरची परीक्षा डोक्यावर. नाताळच्या तयारीचे चार रविवार येतात, तेव्हा कॉलेजचे फेस्टिव्हल्स रंगात आलेले. थोडक्यात, चर्चचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष एकाच रुळावरून धावतं, आणि आपण मध्येच उभे!

प्रश्न फक्त ख्रिस्ती मुलांचा नाही, हे खरंच. रोजा धरून पेपर देणारा मित्र आणि नवरात्रीचे नऊ दिवस उपास करून प्रॅक्टिसला येणारी मैत्रीण आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असते. पण उपवासकाळ सुरू आहे, म्हणून आज आपल्यातल्याच ख्रिस्ती मुलामुलींकडे बघू. धावपळीतून ही मंडळी देवासाठी वेळ काढतात कसा, आणि मुळात का काढतात?

वेळ नाही, की निवांतपणा नाही?

वसईतून मुंबईला शिकायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, दिवस कुठे जातो? उत्तर एकच, ट्रेनमध्ये. विरार ते चर्चगेट साधारण ६० किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे सव्वा-दीड तास. त्यात गास, निर्मळ किंवा नंदाखालहून स्टेशन गाठायचा रिक्षा-एसटीचा वेळ वेगळा. सकाळी अंधारात घर सोडायचं आणि दिवेलागणी उलटून गेल्यावर परत यायचं. वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळची रोजरी ही जुनी रीत. सगळ्यांनी एकत्र बसायचं, जपमाळ म्हणायची आणि मग धाकट्यांनी मोठ्यांचे आशीर्वाद घ्यायचे. पण घरातला एक जण दादरला लटकलेला, दुसरी क्लासला, तिसरा शिफ्टवर, तर एकत्र बसणार कोण? मग आजी एकटीच म्हणते आणि आपण घरात शिरताना शेवटचं ‘आमेन’ कानावर पडतं.

आमच्याकडे आजीचा एक ठरलेला प्रश्न असतो, ‘बाय, आज प्रार्थना केलीस?’ त्यावर आपलंही एक ठरलेलं उत्तर असतं, ‘वेळच नाही मिळाला गं!’ हे उत्तर खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. पाच रहस्यांची एक रोजरी म्हणायला १५ ते २० मिनिटं लागतात. तेवढा वेळ भाईंदर ते बोरिवली रील्स बघताना सहज जातो. म्हणजे मिनिटं असतात, नसतो तो निवांतपणा. डोकं सतत पुढच्या गोष्टीत असतं. प्रार्थनेला बसलं तरी मनात ‘उद्या असाइनमेंट किती वाजेपर्यंत अपलोड करायचीय?’ हेच चालू. त्यामुळे ‘टाइम मॅनेजमेंट’चे व्हिडिओ बघून हा प्रश्न सुटत नाही. प्रश्न घड्याळाचा कमी आणि लक्षाचा जास्त आहे.

गंमत म्हणजे बायबलमधला येशूसुद्धा काही निवांत माणूस नव्हता. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात त्याचा एक भयंकर बिझी दिवस आहे. सभास्थानात शिकवणं, मग आजाऱ्यांची रांग आणि संध्याकाळी अख्खं गाव दाराशी. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो, तर शिष्य शोधत हजर! सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून सांगतात. आजच्या भाषेत, फोन सायलेंटवर टाकून दहा मिनिटं होत नाहीत तोच ग्रुपवर पंधरा मेसेज. त्यानं तेव्हा काय केलं? परत त्याच गर्दीत न जाता तो पुढच्या गावांकडे निघाला. प्रार्थनेतून उठल्यावर त्याला कुठे जायचं ते ठाऊक होतं. दिवसाची सुरुवात देवापासून करण्यात हा फायदा आहे. काय करायचं यापेक्षा काय सोडून द्यायचं हे त्यात कळतं.

रविवार कुणाचा?

खरी ओढाताण होते ती रविवारी. कॅथलिकांना रविवारची मिस्सा चुकवायची नसते. प्रोटेस्टंट मंडळींची उपासनाही रविवारी सकाळी. आणि आपल्याकडे टेस्ट सिरीज, स्पर्धा परीक्षा, मॅचेस, एनएसएसचे कार्यक्रम असं जे काही असतं, ते रविवारी सकाळीच! माझी इंटर्नशिप सुरू झाल्यापासून माझेही काही रविवार ड्यूटीत जातात. पेपरला सुट्टी नाही, तर इंटर्नला कुठली?

यावर चर्चच्या नियमांतच काही वाटा आहेत आणि त्या बऱ्याच जणांना माहीत नसतात. शनिवारी संध्याकाळची मिस्सा कॅथलिकांसाठी रविवारची म्हणून धरली जाते. यामागे ज्यू परंपरेतून आलेली एक जुनी समजूत आहे, ती म्हणजे दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. त्यामुळे रविवारी सकाळी पेपर असेल, तर शनिवारी संध्याकाळीच मिस्सा गाठता येते. मोठ्या चर्चेसमध्ये रविवारी संध्याकाळीही मिस्सा असते. आजारपण किंवा आजाऱ्याची सेवा अशी गंभीर अडचण असेल, तर हे बंधन लागूच होत नाही. हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर असलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं पेशंट सोडून चर्चला पळावं अशी अपेक्षा कुणीच ठेवत नाही. शंका असेल तर सरळ आपल्या फादरना विचारावं, पाळकसाहेबांना विचारावं.

सगळ्यांचं इतकं सोपं नसतं, हेही खरं. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती शब्बाथ पाळतात तो शनिवारी. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत नेहमीचं काम बंद, अभ्यासही बंद. पुण्यातलं स्पायसर हे त्यांचं स्वतःचं विद्यापीठ, तिथलं वेळापत्रक त्यांच्या सोयीचं. पण बाहेरच्या कॉलेजात शिकणाऱ्याचा शनिवारी पेपर आला तर? तिथे ‘अॅडजस्ट कर ना’ म्हणणं आपल्याला सोपं वाटतं, पण त्या मुलाला काय सोडायचं हे ठरवावं लागतं. परीक्षा सोडली तर वर्ष जातं, आणि शब्बाथ सोडला तर काय जातं ते मार्कशीटवर दिसत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांवर एवढा बाका प्रसंग येत नाही. आपला रविवार परीक्षेनं जातो त्यापेक्षा शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागल्यामुळे जास्त वेळा जातो. सकाळच्या मिस्साची लढाई खरं तर आदल्या रात्री साडेअकराला होते.

चालता-बोलता प्रार्थना

रोज तासभर गुडघे टेकणं जमणार नाही, हे मान्य. पण कामात बुडालेल्या माणसांनी भक्ती कशी करावी, याचा विचार चर्चमध्ये शेकडो वर्षं झालेला आहे. त्यातल्या काही पद्धती कॉलेजच्या आयुष्यात चपखल बसतात.

सगळ्यात साधी म्हणजे आंजेलुस. सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ अशी तीनदा चर्चची घंटा होते आणि माणसं हातातलं काम थांबवून दोन-तीन मिनिटांची प्रार्थना म्हणतात. मिले या फ्रेंच चित्रकाराचं याच नावाचं चित्र प्रसिद्ध आहे. बटाट्याच्या शेतात कामं थांबवून मान झुकवून उभे असलेले नवरा-बायको. घंटा ऐकू येत नसेल, तर फोनचा अलार्म आहेच. दुपारी १२ ला लेक्चर चालू असेल तर मनातल्या मनात म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

रोजरी ट्रेनमध्ये म्हणणारे तर कितीतरी. जपमाळ नसेल तर दहा बोटं आहेत, दहा ‘नमो मारिया’ त्यांवर बरोबर मोजता येतात. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, ती गुरुवारी. लोकलमध्ये एका डब्यात भजनी मंडळ टाळ वाजवत असतं आणि दुसऱ्या डब्यात खिडकीशी बसून कुणी ओठांतल्या ओठांत जपमाळ ओढत असतं. दोघांनीही ट्रेनलाच देऊळ केलंय.

तिसरी पद्धत आहे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशिअस लोयोला यांची. १८६९ मध्ये मुंबईचं सेंट झेविअर्स कॉलेज सुरू करणारे जेझुइट फादर याच संघाचे. या पद्धतीला एक्झामेन म्हणतात. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं काढायची. आधी आजच्या दिवसाबद्दल देवाचे आभार. मग दिवस नीट दिसावा म्हणून प्रकाश मागायचा. मग सकाळपासूनचा दिवस पुन्हा डोळ्यांसमोरून न्यायचा. कुठे कुणाला लागेल असं बोललो, कुठे कुणाची मदत झाली, कुठे आतून शांत वाटलं? जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक गोष्ट ठरवायची. डायरी लिहिणाऱ्यांना हे लगेच जमेल. माझ्या ओळखीची एक मुलगी हे सगळं होस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत करते, कारण रूमवर चार जणी आणि एकीचा कॉल कायम स्पीकरवर.

प्रोटेस्टंट घरांत भर असतो रोजच्या शास्त्रवाचनावर. त्यांच्या बायबलमध्ये एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोज साधारण सव्वातीन अध्याय वाचले तर वर्षात पूर्ण होतं. वर्षाचा आकडा बघून धसका बसत असेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. १६ अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळाव्या दिवशी संपतं. मराठी बायबल आता यूव्हर्जनसारख्या अॅपवर फुकट मिळतं. फक्त अॅपचा एक धोका आहे. किती दिवस सलग वाचलं याची ‘स्ट्रीक’ ते दाखवतं आणि मग वाचन राहतं बाजूला, स्ट्रीक तुटू नये म्हणून रात्री ११.५८ ला एक वचन उघडून बंद केलं जातं. जिममध्ये फोटो काढून घरी येण्यातलाच हा प्रकार. देवाकडे अटेंडन्सचे मार्क नसतात, हे लक्षात ठेवलं की अॅप कामाचं ठरतं.

आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याच्यासाठी ब्रदर लॉरेन्स. १७ व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात हा माणूस स्वयंपाकघरात राबायचा. हे काम त्याला मनापासून आवडत नव्हतं. पण भांड्यांच्या खणखणाटातही देव जवळ आहे असं समजून प्रत्येक काम करायचं, असा सराव त्यानं स्वतःला लावला. त्याची पत्रं आणि संवाद यांचं छोटं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर निघालं आणि आजही वाचलं जातं. एक्सेल शीट भरताना किंवा लॅबमध्ये टायट्रेशन करतानाही हे करता येतं. वेळ वेगळा काढावा लागत नाही, पण सराव मात्र खूप लागतो.

एकट्याची भक्ती पुरते का?

इथपर्यंत सगळं छान. ट्रेनमध्ये जपमाळ, फोनवर बायबल, रात्री एक्झामेन. सगळं आपल्या सोयीनं, आपल्या वेळेत. पण यात एक गोष्ट हळूच निसटते, ती म्हणजे बाकीची माणसं.

क्वायरची प्रॅक्टिस फोनवर होत नाही. आवाज लागायला आठ-दहा जण एकाच खोलीत यावे लागतात. संडे स्कूलच्या पोरांना शिकवायला शिक्षक प्रत्यक्ष लागतो. पॅरिशमधल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला भेटायला कुणीतरी त्याच्या दारात जावं लागतं. बारावीला क्वायर सुटतो, ‘फक्त या वर्षासाठी’. मग सीईटी, मग कॉलेज, मग जॉब, मग अनेकांचं परदेश. क्वायरच्या बाकावर एकेक जागा रिकामी होत जाते आणि ती सोडून जायचा निर्णय असा कुणी घेतलेलाच नसतो. भीती याची वाटते. ठरवून श्रद्धा सोडणारी मुलं थोडी असतात. बाकीची नुसती बिझी होतात.

विशेष म्हणजे ही बिझी मंडळी काय करू शकतात याची उदाहरणं विद्यार्थ्यांचीच आहेत. फ्रेडरिक ओझानाम पॅरिसमध्ये कायद्याचा अभ्यास करत होता, वय वर्षं २०. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असा टोमणा वादसभेत ऐकावा लागला, म्हणून १८३३ मध्ये त्यानं काही मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. तीच आजची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. जगभर पसरलेल्या या संस्थेच्या शाखा मुंबई-वसईच्या पॅरिशेसमध्येही आहेत.

त्याच सोसायटीचा एक सदस्य होता इटलीतल्या तुरिनचा पिएर जॉर्जिओ फ्रासाती. मायनिंग इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, ट्रेकिंगचं वेड, मित्रांचा मोठा कंपू, चेष्टामस्करी भरपूर, आणि परीक्षा मात्र रखडलेल्या. सकाळी मिस्सा, आणि मधल्या वेळात घरच्यांना पत्ता लागू न देता गरिबांना मदत. १९२५ मध्ये पोलिओनं तो गेला, वय २४, पदवी हातात पडायच्या आधीच. अंत्ययात्रेला शहरातल्या गोरगरिबांची गर्दी लोटली, तेव्हा कुठे श्रीमंत घरच्यांना कळलं की आपला मुलगा दिवसभर करत काय होता! ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याच दिवशी संत झाला कार्लो आक्युतिस, अवघ्या १५ व्या वर्षी गेलेला, कॉम्प्युटरचं वेड असलेला आणि तरी रोज मिस्सा न चुकवणारा मुलगा.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन, ‘हरित वसई’च्या आंदोलनात पुढे, आणि या सगळ्यात बसून ‘सुबोध बायबल’सारखं मोठं काम. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. वसईच्या विहिरी आणि हिरवळ वाचवणं त्यांना प्रार्थनेपासून वेगळं वाटत नव्हतं. त्याआधी शंभर वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली-बायकांचा संसार चालवत होत्या आणि त्याच वेळी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. १९२२ मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, त्यांनी ते काम पुरं केलं. ‘वेळ नाही’ म्हणायचा हक्क कुणाला असेल, तर तो रमाबाईंना होता!

मनच लागत नाही, तेव्हा?

आता एक शेवटचा आणि जरा अवघड मुद्दा. वेळ काढला, बसलो, पण आत काहीच झालं नाही तर? शब्द तोंडातून जातात, मन कोरडं. घरच्यांसाठी चर्चला जातोय असं वाटायला लागतं. पुण्याला एमपीएससी करणारा नगरचा एक मित्र हे फार मोकळेपणानं बोलतो. निकालात नाव आलं नाही, त्यानंतर चार महिने त्यानं प्रार्थना केली ती फक्त भांडण्यासाठी. पण बसणं सोडलं नाही. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचा, गीत म्हणायचा नाही, फक्त बाकीच्यांचं ऐकायचा. त्याच्या मते तेवढ्यावर ते महिने निघाले. बायबलमधल्या १५० स्तोत्रांमध्येही तक्रारी भरपूर आहेत. देवाशी भांडायची तिथे पूर्ण मुभा आहे.

म्हणून या उपवासकाळात परीक्षा असली, तरी फार मोठे संकल्प करू नयेत. चॉकलेट सोडू, इन्स्टा सोडू, रोज मिस्साला जाऊ, असं एकदम ठरवलं की तिसऱ्या दिवशी सगळं कोसळतं. त्यापेक्षा तीनच गोष्टी ठरवता येतील. दिवसातली एक वेळ देवाची, मग ती पाच मिनिटांची का असेना. आठवड्यातली एक वेळ चर्चची, शनिवारी संध्याकाळी की रविवारी, ते टाइमटेबल बघून आधीच ठरवून ठेवायचं. आणि महिन्यातली एक वेळ माणसाची. क्वायरची एक प्रॅक्टिस, एखाद्या आजाऱ्याची भेट किंवा घरी लवकर येऊन आजीच्या शेजारी बसून म्हटलेली एक रोजरी.

परीक्षेचं टाइमटेबल लागलंच असेल. त्यात पवित्र गुरुवारी कुठला पेपर आहे ते बघून ठेवा. पेपर दुपारी संपला, तर संध्याकाळची मिस्सा गाठायला वेळ आहे.